स्केट मांडीवर घेऊन बसलेले डॉक्टर

माझ्या लेखातली दोन पानं मिलिंदने कापली, म्हणून आधी भांडण, नमस्कार मागाहून. मिलिंद म्हणजे डॉक्टर हर्णेकरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकाचा संपादक. फोनवर मला म्हणतो, "आजी, तो ऑल-स्टारचा किस्सा जरा निगेटिव्ह वाटतो. हॉकी क्लबचे चेअरमन मानचिन्ह घेऊन येणारेत." मी म्हटलं, "येऊ देत की. मी काय दार लावून बसलेय? पानं परत घाल, नाहीतर माझं नाव काढ." घातलीन एकदाची. आता मंडळींना नमस्कार.

माझी शाळा चौथीपर्यंत. तीसेक वर्षांपूर्वी मी इथे विलायतेत त्याच क्लबच्या आइस रिंकवर स्केट, म्हणजे बर्फावर घसरायचे पात्याचे बूट, भाड्याने द्यायच्या खिडकीत बसत असे. डॉक्टर हॉस्पिटलची ड्यूटी संपवून तिथल्या हॉकीच्या सामन्यांना येत, कोणाला लागलं-खुपलं तर बघायला. पहिल्याच दिवशी साधे बूट घालून थेट बर्फावर गेले आणि "आई गं!" करून बसले. मी खिडकीतून विचारलं, "कुठले हो तुम्ही?" पडल्या पडल्या म्हणाले, "दापोलीचा. आधी उठवा, मग गाव विचारा." अशी आमची ओळख.

डॉक्टर गोड बोलणाऱ्यांतले नव्हेत. थंडीने माझ्या बोटांना भेगा पडून रक्त यायचं. त्यांनी मॅनेजरला बोलावून माझे हात दाखवले आणि म्हणाले, "खिडकीत हीटर लागेपर्यंत मी आत येत नाही." बाहेर गाडीत जाऊन बसले. डॉक्टरशिवाय सामना सुरू होईना. अर्ध्या तासात हीटर लागला.

आता ती कापलेली गोष्ट. वेगवेगळ्या क्लबांचे निवडक खेळाडू एका दिवसापुरते दोन संघ करून खेळतात, तो ऑल-स्टार सामना. सगळा मजेचा मामला, जोरात धडक मारायची नसते. तरी आमच्या क्लबचा लाल केसांचा गडी कडेच्या फळीवर डोकं आपटून पडला. उठला, हसला, लोकांना हात केला. लोक त्याच्याच नावाने ओरडत होते. डॉक्टरांनी त्याला बाकावर बसवून विचारलं, "आज कोणाशी खेळतोयस?" त्याने मागच्या आठवड्यातल्या संघाचं नाव सांगितलं.

"संपलं. आता खेळायचं नाही."

मॅनेजर धावत आला. "डॉक, हा नुसता शो आहे!"

"शो आहे ना? मग याच्यावाचून होईल." एवढं बोलून डॉक्टरांनी त्याच्या डाव्या पायातला स्केट काढला आणि मांडीवर घेऊन, वर कोट टाकून बसले. वरून कागदाचे पेले आले, रंगावरून शिव्या आल्या. डॉक्टर हलले नाहीत. संध्याकाळी हॉस्पिटलात त्या गड्याला फिट आली. डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं, वाचला.

आठवड्याने मॅनेजरने खिडकीतून एक पाकीट सरकवलं. "तुमच्या डॉक्टरला द्या." आत काय आहे हे मला काय ठाऊक? दिलं. यापुढे तुमची गरज नाही, असं लिहिलेलं. सामन्याचा विचका केला म्हणे! डॉक्टरांनी वाचून घडी घातली आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही नोकरी सोडू नका हं रागात." काढलं त्यांना, आणि काळजी माझी. आणि काढायचं पाकीट माझ्याच हातून दिलं गेलं, हे मी अजून गिळलेलं नाही.

आणि या अंकात फोटोखाली काय छापलंय? 'ऑल-स्टार सामन्याचे मानाचे डॉक्टर.' कसला मान! फोटो सामन्याआधीचा आहे, म्हणून सगळे दात काढून उभे आहेत. डॉक्टर मला परवा म्हणाले, "जाऊ द्या हो वहिनी, जुनं झालं." तुमचं झालं असेल. माझं नाही.

डॉक्टर, गुडघे सांभाळा, जिलबीला हात लावू नका. शंभरीच्या अंकातही मी भांडायला येणार आहे, तोवर दोघांनाही धडधाकट राहायला हवं.

मानचिन्ह स्टॅनमोरच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर द्यायचंय. द्या. पण त्याआधी, गडी वाचवणाऱ्या माणसाला का काढलं आणि इतकी वर्षं एक 'सॉरी' का निघालं नाही, ते माइकवर सांगायचं. मिलिंदने मध्ये पडायचं नाही. डॉक्टरांनी 'इट्स ऑल राइट' म्हणायचं नाही. उत्तर चेअरमननेच द्यायचं, उभं राहून.