न दिलेला खो

सुमे, फोनवर नुसतं ‘हं हं’ करू नकोस, नीट ऐक. भाऊजी अर्धांगवायूने पडल्यापासून मी काल पहिल्यांदा आपल्या खो-खो मंडळाच्या मैदानावर गेले. मुली जमलेल्या, शिकवायला तुझ्या मैत्रिणीही होत्या. फक्कीची पिशवी मात्र बांधलेलीच. “रेघा मारा की गं,” म्हटलं. “काकू, त्या भाऊच मारायचे,” म्हणाल्या.

खरंच. कुणी पुढे झालं की भाऊजी मायेने म्हणायचे, “राहू दे, मी आहे ना.” खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं, पण मंडळाच्या कामात त्यांनी कुणाला खो दिलाच नाही. आता द्यावासा वाटला, तरी जीभ वळत नाही.

मुली न खेळताच घरी गेल्या. अशा किती दिवस येतील? तू तरी कुणी बोलवायची वाट बघू नकोस गं. लवकर ये.