सासूबाईंनी सोडलेलं तिखट

दीड महिन्यापूर्वी भिवापूरहून सासूबाईंच्या भाचीचा फोन आला. तिच्या मुलीच्या लग्नाला आई, म्हणजे सासूबाई, तिकडे गेल्या होत्या. हळद लागली, जेवणं झाली आणि बायकांत गप्पा मारता मारताच त्या गेल्या... भेटायला येणारे हळहळत, "परक्या गावी गेली बिचारी." मी मान डोलवायची. मनात मात्र यायचं, बरं झालं, घराबाहेर गेल्या.

कारण एके काळी तब्बल सव्वीस वर्षं ही बाई आमचं प्रताप नगर सोडून फारशी कुठं गेलीच नव्हती. लग्न असो, बारसं असो, "माहं पोट बरं नाही" हे ठरलेलं. मटणाचा रस्सा असा करायच्या की वास कोपऱ्यापर्यंत जायचा, आणि स्वतः दहीभात घेऊन बसायच्या. मी नवी नवरी. मला वाटलं, बाई भलतीच शिष्ट दिसते.

माझ्या बाळंतपणात खोलवर फाटलं, टाके पडले. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, "शौच आवरता येते का?" मी खाली बघत नाही म्हटलं. शेजारी बाळ घेऊन बसलेल्या आई एकदम म्हणाल्या, "मले तं याच्या बापाच्या वेळेपासून तसंच हाय. मले वाटे, तिखटानं होते. म्हणून सोडलं."

याचा बाप, म्हणजे माझा नवरा, चिमटा लावून जन्मलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिखटानं त्रास थोडा वाढत असेल, पण मूळ दुखणं बाळंतपणात फाटलेल्या स्नायूंचं आहे आणि त्यावर अजूनही इलाज आहे.

ऑटोत मी चिडलेच. "इतकी वर्षं बोलल्या काहून नाही, आई?"

"कोणाले सांगू वं? सासूले?"

मग दोघी सकाळी चटई टाकून डॉक्टरीणबाईंनी शिकवलेले स्नायू आवळण्याचे व्यायाम करू लागलो. माझं वर्षभरात आटोक्यात आलं. त्यांना शस्त्रक्रिया लागली, आणि तरी अगदी पूर्ण बरं झालं असं नाही. पोट बिघडलं की घरीच बसायच्या. पण एरवी पायाला भिंगरी. आज लकडगंज, उद्या कोणाचं डोहाळजेवण. रस्सा खाताना नाक पुसत पुन्हा वाटी पुढं करायच्या. मला खरंच फार बरं वाटायचं.

गेल्या आठवड्यात भाचीच्या सुनेचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"मामी, त्या दिवशी आजी हळदीत सगळ्या बायकायले स्वतःचं दुखणं सांगून राहिल्या होत्या. आम्ही हसलो. मीबी हसली... मले दोन वर्षांपासून तेच हाय."

सोमवारी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी काही विचारायच्या आधी तिनंच सांगायला सुरुवात केली.