सरांची कॉस्मिक पेटी

ज्या सरांनी मला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, त्यांच्या घरचं पाणीसुद्धा आता माझ्या घशाखाली उतरणार नाही. हे लिहिताना वाईट वाटत नाही, किळस वाटते.

मी मूळची तेलगावची. गॅमा किरणांच्या दुर्बिणीवर काम करते. मध्यंतरी सुट्टीत घरी आले होते, तेव्हा सरांचा फोन आला. ते निवृत्त होऊन परळीकडच्या एका खाजगी कॉलेजात शिकवत होते. "पोरींसमोर बोल काहीतरी," म्हणाले. मी हरखून गेले.

कार्यक्रम अकराचा, संस्थेचे अध्यक्ष आले दीडला. तोवर मुली ओढणीनं खुर्च्यांवर साचलेली वीजकेंद्राची राख पुसत बसून होत्या. सरांनी स्वतःच्या हातानं मला पेढा भरवला आणि माझं भाषण सुरू झालं.

अवकाशातून प्रचंड ऊर्जेचे कण, बहुतेक प्रोटॉन, पृथ्वीवर येऊन आदळतात; त्यांना कॉस्मिक किरण म्हणतात. त्यांच्यावर विद्युतभार असतो, त्यामुळं वाटेतली चुंबकीय क्षेत्रं त्यांना इतकी वळवतात, की ते कुठून निघाले हे त्यांच्या दिशेवरून सांगता येत नाही. पण जिथं ते तयार होतात, तिथल्या वायूवर आपटले की गॅमा किरण निघतात. ते सरळ येतात. त्यांच्या मागावर गेलं तर उगम सापडू शकतो. एवढंच मी साध्या शब्दांत सांगितलं.

नेकनूरकडची एक मुलगी उठली. "मॅडम, गॅमा किरण इलेक्ट्रॉनमुळं बी निघतेत की. मग हे प्रोटॉनचेच हायत, कशावरून?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली. आम्ही सगळे याच प्रश्नावर भांडत असतो. मी उत्तर द्यायला लागले तोच अध्यक्षांनी माइक ओढला. "बास आता, जेवणं थंड व्हायलीत." सगळे हसले. ती खाली बसली. तिला उत्तर मी नंतर पत्रातून पाठवलं.

मग अध्यक्ष म्हणाले, "आता मॅडमच्या संशोधनावर बनलेली कॉस्मिक पेटी बघा. शिबिर बाजूच्या खोलीत हाय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. खोलीत गेले तर बायांची रांग. ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या. एक एक जण लाकडी पेटीत पाय घालून बसत होती. पेटीच्या झाकणावर माझा फोटो होता, दुर्बिणीसमोर उभी असलेली मी. दिवाळीला मीच कौतुकानं सरांना पाठवला होता तो.

"कंबर लई दुखती," रांगेतली एक बाई म्हणाली. "पेटी तुमी बनवलीय म्हने, म्हनून आले."

तोंडात पेढ्याची चव अजून होती. मी मागच्या दारानं बाहेर जाऊन ओकले.

तोंड धुऊन परत आले तर सर दारात उभे. मी विचारलं, "आत काय आहे, सर?"

"तांब्याच्या तारा अन् एक बल्ब."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे!"

"लोकांना बरं वाटतं. तू कावून चिडायलीस? तुझं नाव व्हायलंय की."

त्यांचा त्या पेटीवर विश्वास असता तर मला त्यांची कीव आली असती. पण ज्या माणसानं मला मोजल्याशिवाय काही मानू नकोस म्हणून शिकवलं, तो सगळं जाणून त्या बायांना बल्बसमोर बसवत होता.

मी पेटीची पिन उपटली आणि बायांना सांगितलं, "आकाशातले कण आपल्या सगळ्यांच्या अंगातून सतत जातात. ते पेटीत साठत नाहीत. त्यांनी कंबर बरी होत नाही. ही पेटी मी बनवलेली नाही."

"मॅडम, सत्कार राहिलाय तुमचा," अध्यक्ष हसत म्हणाले.

कंबरवाल्या बाईनं सावकाश चप्पल घातली. "मग मला कोन बरं करनार?" तिच्या आवाजात राग होता, आणि तो माझ्यावर होता. मी तिला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मणका सरकला होता. तिथून मी ठाण्यात गेले. हवालदारानं मी नेलेलं शिबिराचं पत्रक उलटंसुलटं पाहिलं. "पन फोटो तर तुमचाच हाय की, मॅडम."

कॉलेजातली पेटी हलली. ती आता गावोगावच्या बाजारात फिरते, असं माझा भाऊ सांगतो. फोटो पूर्वीपेक्षा मोठा केलाय. आणि सर प्रत्येक सणाला मला शुभेच्छा पाठवतात, खाली लिहितात, 'तुझा अभिमान वाटतो.'