डाव्या मांडीखालची गाठ

लांब पल्ल्याच्या मोटरसायकलींच्या सीट तो नव्याने बांधून देतो. गिऱ्हाईक त्याला सीटवाले काका म्हणतात. फोम तो कापतो, रेग्झिनचं कव्हर त्याच्या धाकट्या भावाची विधवा शिवते. प्रत्येक सीटमध्ये डाव्या मांडीखाली तो कडक रबराचा एक तुकडा दडवतो. दीड तासाने तो टोचायला लागतो आणि माणसाला उतरावं लागतं.

त्या दिवशी एक निवृत्त पोस्टमन तक्रार घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याला दोन हजार किलोमीटरच्या प्रवासाला निघायचं होतं.

"काका, पैसे मोजून टोचून घ्यायचं का?"

"टोचायलाच हवं."

"काढून द्या ना, भावजी," भावजय मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "म्हातारपणी त्यांना कशाला छळता?"

काकाने भिंतीवरची जुनी सीट उतरवून पोस्टमनच्या गाडीवर ठेवली. तिच्यात बसणाऱ्याचा खळगा अजून तसाच होता. पोस्टमन बसला, जरा हलला, मग स्थिरावला.

"वा. यावरून उठावंसंच वाटत नाही."

शिलाई मशीन थांबलं. भावाने वाटेतून केलेल्या शेवटच्या फोनमध्ये हेच शब्द होते.

"याच्यावर माझा भाऊ सलग सात तास बसला," काका म्हणाला. "चालवता चालवता झोपला."

पोस्टमन हळूच खाली उतरला. खळगा भरून आला नाही.

"माझीच बसवा," तो म्हणाला. "टोचणारी."