काळ्या खिडकीचे भाईजी

"मशीन बिघडलंय" असं कोणी फोनवर म्हटलं की भाईजी फोन ठेवून द्यायचे. खरंच ठेवायचे. पुन्हा लावला तर म्हणायचे, "बिघडतं ते दूध. मशीन काहीतरी लिहितं. काय लिहिलंय ते वाचा, मंग बोला." आमचे मॅनेजर साहेब एकदा चिडले, "अहो, मी सांगतोय ना बिघडलंय!" भाईजींनी तिसऱ्यांदा ठेवला. साहेबांनी मुकाट मशीनपुढं बसून जे होतं ते वाचून दाखवलं, तेव्हा कुठं बोलणं पुढं सरकलं.

भाईजी जालन्याच्या कापडबाजारातल्या एका मारवाडी जैन घरातले. पुढं गादीवर बसून भाऊ लुगडी आणि शर्टिंग विकायचे. मागच्या खोलीत थानांच्या ढिगाआड भाईजींचा कम्प्युटर. चाळिशी उलटल्यावर जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणून एकटेच शिकले. गावात तेव्हा कम्प्युटर विकणारे होते, क्लास घेणारे होते. अडलेलं सोडवणारे हे एकच. घरात त्याचं कौतुक नव्हतं. "आमचा मधला वाया गेला," असं मोठे भाऊ गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, आणि भाईजी मागून हसायचे.

दोन हजार सालाच्या आगंमागं मी एका बियाण्याच्या कंपनीत होतो. गोदामातल्या पोत्यांतून बियांचे नमुने काढायचे आणि प्रयोगशाळेत पोचवायचे, हे माझं काम. तिथं माझी बायको कौसा उगवण मोजायची. शंभर बिया ओल्या कागदावर मांडायच्या, कागद गुंडाळून ठेवायचा, ठरल्या दिवशी उघडून चांगले कोंब किती, वाकडे किती, मेलेलं बी किती ते बघायचं. कौसा शाळेत गेली नव्हती. चिठ्ठीवर पाच-पाचच्या रेघा मारायची. चिठ्ठी टायपिंगच्या मॅडमकडं जायची. मॅडम आकडा मशीनमध्ये भरायच्या आणि चिठ्ठी फाडून टाकायच्या. मग भाईजींनी पर्ल नावाच्या भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम होता, तो चालवला की कोणता लॉट पास, कोणता नापास, याचा कागद छापून यायचा. त्या कागदाशिवाय एक पोतं गेटाबाहेर जात नसे.

मशीनवर विंडोज होतं. मॅडम प्रोग्रामच्या चित्रावर दोनदा टिचकी मारायच्या. काही अडलं तर एक काळी खिडकी उघडायची आणि पापणी लवायच्या आत मिटायची. आत काय लिहिलं होतं, देव जाणे. भाईजी म्हणाले, "माणूस दारात आला, त्यानं तोंड उघडलं, की तुम्ही दार लावता. त्यानं सांगायचं कधी?" आधी काळी खिडकी उघडायची आणि तिच्या आतून प्रोग्रामला हाक मारायची, हे त्यांनी शिकवलं. मग खिडकी मिटत नसे. चूक पांढऱ्या अक्षरात तशीच उभी राहायची. आणि बंद करून पुन्हा चालू करायची सक्त मनाई. सगळं गाव तेच करायचं. भाईजी म्हणायचे, "पुरावा पुसून मंग पोलिसाला बोलावता व्हय?"

एकदा साहेबांनी हौसेनं तो प्रोग्राम नोटपॅडात उघडला आणि जपून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो चालेना. साहेब शपथेवर सांगत होते, "मी एक अक्षर बदललं न्हाई." भाईजींनी येऊन कुठलंसं बटण दाबलं, तर फाईलच्या नावाला मागं आणखी एक शेपूट लागलेलं. नोटपॅडानं ते लावलं आणि विंडोजनं झाकून ठेवलं. "साहेब खरं बोलून राह्यले," भाईजी म्हणाले, "झाकणाऱ्याचा दोष." साहेबांना त्यांनी आमच्यासमोर हलकं पडू दिलं नाही. हे मी लक्षात ठेवलं.

मी चौथी शिकलेला. इंग्रजी आकडे येतात, अक्षरं नाहीत. एका दुपारी मॅडम रजेवर, साहेब भोकरदनला गेलेले, ट्रक भरून उभा, आणि कागद छापेना. गोदामातल्या क्लार्कनं प्रोग्राम चालवून बघितला आणि हात वर करून निघून गेला. मीच फोन लावला.

"भाईजी, खिडकीत इंग्रजीत आलंय. मला वाचता येत न्हाई."

"बहुत अच्छा. शिकलेले लोक मला अर्थ सांगतात, अक्षर सांगत न्हाईत. तुम्ही चित्र सांगा, अण्णा."

"पहिली चंद्रकोर."

"बराबर."

"मंग पोट सुटलेलं एक. मंग कमान. मंग वर माशी बसल्यावाणी."

"माशी बराबर. जल्दी करू नका."

असं करत करत मी म्हणालो, "आता जिलेबी आली."

"जिलेबी? बस, बस! कळलं!"

मागून मोठ्या भावाचा आवाज आला, "कुणाची ऑर्डर आहे रे?" भाईजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "जिलेबी म्हणजे ते ई-मेलातलं गोल चिन्ह. प्रोग्रामला जे पुस्तक लागतं ते त्याच्या कपाटात सापडून न्हाई राह्यलं. कोणीतरी फोल्डर हलवलंय." खरंच, क्लार्कनंच सकाळी मशीनमधली आवराआवर केली होती. त्याला बोलावून फोल्डर जागेवर ठेवायला लावलं आणि ट्रक निघाला. पुढं आमच्याकडं तसली चूक आली की साहेबसुद्धा म्हणायचे, "भाईजींना सांगा, जिलेबी आली."

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम. काम किती का अडलेलं असेना, ऊन उतरलं की डबा उघडायचे. साहेब काकुळतीला यायचे, "पाच मिनिटं थांबा ना." भाईजी म्हणायचे, "मशीनला रात्री पण चालतं, साहेब. मला न्हाई." कौसा त्यांच्यासाठी बिनलसणाचा ठेचा करायची. त्याला ठेचा म्हणू नये असं तिचं म्हणणं, पण करायची. भाईजी खायचे आणि डोळ्यातून पाणी काढत म्हणायचे, "भाभी, हा तर नुसता गोड आहे."

आता जे सांगायचं ते सांगतो.

एका वर्षी खरिपाच्या तोंडावर कागद छापून आला, तर शेवटच्या तीसेक लॉटपुढं आकडाच नाही. त्या जागी इंग्रजीत 'नॉट काउंटेड'. म्हणजे मोजलं नाही. साहेबांनी कौसाला बोलावलं. मी दारात उभा होतो.

"कौसाबाई, हे लॉट तुम्ही मोजलेच न्हाईत."

"मोजले साहेब. सगळे मोजले."

साहेब मॅडमकडं वळले. "तुम्हाला चिठ्ठ्या आल्या का?"

"आल्या तेवढ्या सगळ्या मी भरल्या, सर."

"म्हणजे ह्या आल्याच न्हाईत. कौसाबाई, दोन दिवस तुम्ही चारलाच घरी गेल्ता ना?"

गेली होती. आमची मुलगी बाळंतपणाला आली होती. पण कौसा विचारून गेली होती आणि काम उरकून गेली होती. आता दाखवणार काय? मोजून झालेले कोंब फेकून दिलेले, चिठ्ठ्या फाडलेल्या. साहेब म्हणाले, "पोत्यावर कंपनीचं नाव असतं. उद्यापासून येऊ नका."

सात वर्षं मोजत होती ती. बोटांना बुरशीचा वास बसला होता. घरी भाकरी थापायला बसली, आणि मी, तिचा नवरा, तिला काय विचारावं? म्हणालो, "खरं सांग. घाईत राह्यले तर न्हाईत ना काही?"

तिचा हात परातीत थांबला. माझ्याकडं बघितलं नाही. पुन्हा थापायला लागली.

सकाळी मी भाईजींच्या दुकानी गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं हेच विचारलं, "खिडकीत काय आलं?"

"काहीच न्हाई. कागद तर नीट छापला."

ते उठूनच उभे राहिले. "चूक न दाखवता चुकलं? मंग ते वाईट, अण्णा. चला."

कंपनीत आल्या आल्या त्यांनी मॅडमनी भरलेली मूळ फाईल उघडली. खाली खाली सरकवली. शेवटच्या लॉटपर्यंत सगळे आकडे होते. त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव. मॅडम म्हणाल्या, "मी सांगितलंच होतं, सगळ्या भरल्या." सांगितलं होतंच. ऐकणाऱ्यानं भलतं ऐकलं. पण ती फाईल उघडून बघायचं साहेबांना सुचलं नाही, मॅडमना नाही, मलाही नाही.

मग आकडे असून प्रोग्रामला दिसेनात का? दुपारपर्यंत भाईजी त्या खिडकीपुढून हलले नाहीत. शेवटी मला जवळ बोलावलं. "कापडाच्या थानाच्या टोकाला गिरणीचा छाप असतो. बघितलाय ना? छाप दिसला की थान संपलं. आता दोन थानं एकाला एक शिवली तर पहिल्याचा छाप मधे येतो. आणि दुकानातला नोकर छाप बघून म्हणतो, कापड संपलं." जुन्या मशीनवरची फाईल अशीच होती, तिच्या शेवटी न दिसणारी खूण. त्याच आठवड्यात ती फाईल या विंडोजच्या मशीनवर आणून तिच्या मागं हे तीसेक लॉट भरले होते. खूण मधे राहिली. विंडोजवर पर्ल तिथवर वाचायचं आणि थांबायचं. पुढचं त्याच्या लेखी नव्हतंच. लॉटांची नावं वेगळ्या यादीतून यायची, म्हणून ती तेवढी छापली.

मला वाटलं, सुटलो. म्हणालो, "मंग आता दुरुस्त होईल ना?"

"एका ओळीचं काम आहे," ते म्हणाले, आणि ती ओळ घातली. सगळे आकडे छापून आले. तरी ते उठेनात. त्या पहिल्या कागदावर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "हे दोन शब्द माझे आहेत, अण्णा. नॉट काउंटेड. आकडा न्हाई मिळाला तर काय छापायचं, ते मी ठरवलं होतं. 'मला सापडलं न्हाई' असं लिहायला पाहिजे होतं. 'मोजलं न्हाई' लिहायचा मला काय हक्क? मी काय तिथं बघायला होतो?"

ते गप्प राहिले असते तर कोणाला कळणार होतं? विंडोजचं काहीतरी झालं होतं म्हणाले असते, आणि साहेबांनी मान डोलावली असती. सगळ्या जालन्यात त्या ओळीतलं कळणारे ते एकटेच. पण मला म्हणाले, "भाभीला घेऊन या. त्यांच्यामागं हे बोलणार न्हाई मी."

मी कौसाला घेऊन आलो. साहेब, मॅडम, मी, सगळे उभे. भाईजींनी आधी फाईल दाखवली, मग थानाचं सांगितलं, मग ते दोन शब्द. साहेब म्हणाले, "ठीक आहे, होतं असं. चूक थोडी थोडी सगळ्यांचीच."

"सगळ्यांची न्हाई," भाईजी म्हणाले. "माझी. भाभीची बिलकुल न्हाई." आणि कौसापुढं हात जोडले. कापडबाजारातला शेठ माणूस.

साहेब म्हणाले, "मंग उद्यापासून या, कौसाबाई."

"उद्या कशाला?" कौसा म्हणाली. "कालपासून कागदाला पाणी घातलं न्हाई कुणी. वाळून जात्याल." आणि पदर खोचून आत गेली.

त्या दिवसापासून कागदावर 'नॉट काउंटेड' कधी आलं नाही. आलं तर 'नॉट फाउंड'. पुढच्या हंगामाला साहेबांनी बाहेरून तयार प्रोग्राम आणला आणि भाईजींचं येणं बंद झालं. आपली चूक आपण होऊन सांगणारा माणूस साहेबांना परवडत नव्हता.

त्या चुकीच्या दिवशी निघताना गेटापाशी स्कूटर चालू करायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, "अण्णा, तुम्हीपण भाभीला विचारलं का, राह्यले का म्हणून?"

खोटं बोलवेना. "विचारलं."

"माझं मी सांगितलं. तुमचं तुम्ही सांगून टाका."

"सांगतो," म्हणालो. पुढं बाजारात कधी भेटले की हळूच विचारायचे, "सांगितलं का?" मी म्हणायचो, "सांगतो." नंतर नंतर त्यांनी विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं.

भाईजी छातीच्या दुखण्यानं गेले. आम्ही दोघं त्यांच्या घरी बसायला गेलो. मोठे भाऊ म्हणाले, "रोज कोणीतरी येऊन राह्यलं आणि म्हणून राह्यलं, आमचं हे अडलं होतं, ते त्यांनी सोडवलं. आम्हाला तर काहीच माहीत न्हाई." कौसा कधी परक्यात बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "माझं पण," म्हणाली.

यंदा कौसा दवाखान्यात होती. बोलणं कमी झालं होतं, पण कळत सगळं होतं. एका दुपारी सलाईन बदलून नर्स गेली, आणि मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. म्हणालो, "कौसे, त्या वेळी मी तुला विचारलं ना, काही राह्यले का म्हणून. तसं विचारायला नको होतं. माझं चुकलं."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं.

"त्याच दिवशी तुम्ही गोदामात गेल्यावर भाईजी आत येऊन म्हणले होते मला," ती म्हणाली. "अण्णा येऊन सांगतील, दोन दिस द्या त्यांना."