वेशीबाहेरच्या मावशी

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंना सगळा वर्ग मावशी म्हणायचा. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि बोलणं कात्रीसारखं. शनिवार-रविवारी भरणाऱ्या त्या कॉलेजात नोकरीधंदा सांभाळणारी माणसं अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला येत. मावशींनी इतिहास घेतला होता आणि त्याच वर्गात, दोन बाकं सोडून, त्यांची सून बसायची.

नाव आधी सुनेनं घातलं होतं. लग्न झालं आणि तिचं शिक्षण मागे पडलं होतं. ती फॉर्म भरून घरी आली तेव्हा मावशी मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "माझंही घाल की नाव. माझंही राहिलंय." सुनेला वाटलं, ही पाळत आहे. मावशींना खरोखरच शिकायचं होतं. दोघींनी एकमेकींना हे सांगितलं नाही. दोघी एकाच बसमध्ये शेजारी बसून, वेगवेगळ्या दिशांना बघत कॉलेजात जायला लागल्या.

त्या दिवसांत घरात एक विषय अडून बसला होता. सुनेच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. विहीणबाई एकट्याच राहायच्या, त्याही जिना चढून जाव्या लागणाऱ्या खोलीत. "आई, ऑपरेशननंतर तिला थोडे दिवस आपल्याकडे आणलं तर चालेल?" सुनेनं विचारलं होतं. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मशीन, कापडाचे गठ्ठे, माप द्यायला आलेली गिऱ्हाइकं. मावशी म्हणाल्या, "बघू." मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर सतत बाहेरगावी. त्यानं फोनवर "तुम्ही दोघी ठरवा" म्हणून अंग काढून घेतलं. सुनेनं पुन्हा विचारलं नाही, मावशींनी पुन्हा विषय काढला नाही. घरातली भांडी मात्र जरा जोरात वाजायला लागली.

इतिहासाचे सर तरुण आणि उत्साही होते. वेढा पडलेल्या एका जुन्या शहराचा धडा ते शिकवत होते आणि वर्ग जांभया देत होता. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं. "हा धडा आपण खेळायचा," ते म्हणाले.

"या वयात लपाछपी?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"हो. फक्त यात जो सापडतो तो मरतो."

खेळ सोपा होता. तटबंदीचं शहर, चाल करून येणारी फौज, आत मोजकं धान्य. आसपासची गावं जळाल्यामुळे तिथली माणसं पळून शहराच्या वेशीशी आलेली. त्यांना आत घ्यायचं की नाही, हा प्रश्न. कोण कोणाची भूमिका करणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. सूनबाईंना नगरप्रमुखाची चिठ्ठी आली. मावशी झाल्या वेशीबाहेरच्या माणसांच्या पुढारी. बँकेत कॅशियर असलेला एक उंच, गोड बोलणारा माणूस शत्रूचा सेनापती झाला. प्रत्येकाला सरांनी एकेक कागद दिला, त्यावर त्याला काय हवंय आणि त्याला काय ठाऊक आहे ते लिहिलेलं.

"आणि खेळातलं खेळातच ठेवायचं," सर म्हणाले. "घरी न्यायचं नाही." सगळा वर्ग त्या दोघींकडे बघून हसला.

सरांनी बाहेरच्या माणसांना खरोखरच व्हरांड्यात काढलं आणि दार लावून घेतलं. मग बोलणी करायला एकट्या मावशींना आत बोलावलं. टेबलाच्या टोकाला सून बसली होती, पाठ ताठ करून. दोन्ही बाजूंना तिचं मंडळ. मावशींना बसायला कुणी सांगितलं नाही.

"खाणार काय तुम्ही?" सुनेनं विचारलं.

"तुम्ही द्याल ते. फुकट नको. तट बांधू, पाणी भरू."

"आत आल्यावर नियम आमचे चालतील."

सगळे बघत होते. "चालतील," त्या म्हणाल्या.

"आणि धान्य कमी पडलं तर?"

"तर आधी आमचं कमी करा. पण मुलांना तरी आत घ्या."

सुनेनं शेजारच्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि मग सरळ मावशींच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "बघू."

बाकी कुणाला त्यात काही वाटलं नाही. मावशींच्या कानशिलापर्यंत आग गेली. त्या व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकल्या. परतीच्या बसमध्ये सून म्हणाली, "आई, ते मघाचं..."

"खेळातलं खेळात," मावशी म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढच्या रविवारी खेळ पुन्हा सुरू झाला. आत मंडळाची चर्चा, बाहेर व्हरांड्यात मावशींची माणसं. सर मधूनच दार उघडून यायचे आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "थंडी पडली. तुमच्यातले दोघं गेले." मग दोघांनी खाली फरशीवर बसायचं, बोलायचं नाही. पहिल्यांदा सगळ्यांना गंमत वाटली. पण फरशीवरची माणसं वाढत गेली तशी उभ्या असलेल्यांची थट्टा बंद पडली. दवाखान्यात नर्स असलेली एक मुलगी मावशींच्या पायाशी बसता बसता म्हणाली, "मावशी, काहीतरी करा ना." खेळातच म्हणाली, पण तिचा आवाज खरा होता.

मावशींनी दार वाजवलं. आतून उत्तर आलं, "चर्चा चालू आहे, थांबा." त्या थांबल्या. आणखी तिघं खाली बसले. त्यांनी पुन्हा वाजवलं. "थांबायला सांगितलंय ना!" आणि त्यामागोमाग आत कुणीतरी मोठ्यानं हसलं.

मावशींच्या कागदावर लिहिलं होतं की तटाखालून जाणारा पाण्याचा जुना पाट त्यांना ठाऊक आहे आणि त्यावर पहारा नाही. ही बातमी त्या आतल्यांना देऊ शकत होत्या. पण दारच उघडत नव्हतं. कॅशियर जिन्याच्या पायरीवर बसून बिस्किटं खात होता. मावशी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या माणसांना हात लावणार नाहीस, असा शब्द दे."

"दिला, मावशी."

त्यांनी पाट सांगून टाकला. सांगताना त्यांना जे वाटलं ते फौजेबद्दल नव्हतं, जळालेल्या गावांबद्दलही नव्हतं. आता बघ म्हणावं, एवढंच मनात होतं.

सरांनी शिट्टी वाजवली. दार उघडलं, कॅशियर आपली माणसं घेऊन आत शिरला. शहर पडलं. आत मंडळातले काही जण मत द्यायला हात वर करून बसले होते, सून उभी राहून ते मोजत होती. तिचं बोट हवेतच राहिलं.

"वाट कुणी दाखवली?"

"मावशींनी," कॅशियर अगदी सहज म्हणाला.

"आई, तुम्ही?" वर्गात तिनं त्यांना आई म्हणण्याची ही पहिलीच वेळ. "अहो, आम्ही दार उघडतच होतो! एकेकाची मनधरणी करत होते मी. एकच हात कमी होता. जरा थांबला असतात तर..."

"थांबले नव्हते का? दार वाजवून हात दुखला माझा! तुम्ही आत दात काढत होतात!"

"मी हसत नव्हते. तुम्हाला तसंच वाटणार. मी सूड घेते असंच वाटलं ना?"

"हो, वाटलं!"

फरशीवरची मेलेली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. सरांचा चेहरा उतरला. "आपण... आपण इथंच थांबू या का?"

"नाही सर," मावशी म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "खेळ संपला की त्यावर बोलायचं असतं, असं तुम्हीच म्हणाला होतात. बोलू द्या."

सरांनी सगळ्यांना गोल बसवलं. पहिला प्रश्न मावशींनाच विचारला, जपून. "बाहेर उभं असताना सगळ्यात जड काय गेलं?"

मावशींनी चष्मा काढला, पदरानं पुसला. "दार बंद होतं त्याचं काही नाही. बंद दार माणसाला समजतं. नाही म्हटलं तर माणूस दुसरीकडे जातो. पण बघू म्हटलं की..." त्या अडखळल्या. "बघू म्हटलं की तिथंच उभं राहावं लागतं."

बोलता बोलता त्यांची नजर सुनेकडे गेली आणि पुढचं बोलणं त्यांनी सोडून दिलं. सून खाली मान घालून बसली होती. बाकीच्यांना वाटलं, मावशी दमल्या. मग सरांनी धडा उघडून पुढचं पान वाचलं. पुस्तकातल्या शहरानं वेस शेवटपर्यंत उघडली नव्हती. त्या दिवशी कुणीच जांभई दिली नाही.

बसथांब्यावर मावशींनी विचारलं, "ऑपरेशन कधी आहे?"

"झालं."

"झालं? कधी?"

"गुरुवारी. लायब्ररीत जाते म्हणाले होते ना, तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

बस आली आणि गेली. दोघी चढल्या नाहीत. "तो शब्द मुद्दाम टाकलास का गं?" मावशींनी विचारलं.

"तोंडातून निसटला. पण निसटल्यावर परत घ्यावासा वाटला नाही."

"हं," मावशी म्हणाल्या. "दवाखान्याला कुठली बस जाते?"

विहीणबाई पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. मावशींना बघून त्यांनी पांघरूण वर ओढलं. "उद्या घरी आमच्याकडे चला," मावशी म्हणाल्या.

"कशाला? तुमच्याकडे जागा नाही म्हणे. मी भाचीकडे जाणार आहे. तिनं आपणहून विचारलंय."

"आहे जागा."

"आता झाली होय?" विहीणबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. सून आईवर चिडली, आई लेकीवर. मावशी कॉटच्या पायथ्याशी उभ्याच राहिल्या.

विहीणबाई भाचीकडेच गेल्या. पण भाचीची लहान मुलं दिवसभर कॉटवर उड्या मारायची, आणि एके सकाळी त्या बाथरूममध्ये पडता पडता वाचल्या. तेव्हा सुनेनं कुणाला न विचारता रिक्षा केली आणि आईला आपल्याकडे आणलं. घरी येऊन बघते तर मशीन स्वयंपाकघरात, ओट्याला खेटून ठेवलेलं, आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली कॉट. मावशींनी ते कधी हलवलं, कुणाची मदत घेतली, काही सांगितलं नाही. गिऱ्हाइकं महिनाभर फोडणीच्या धुरात खोकत मापं देत राहिली.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. विहीणबाईंना पंखा बंद लागायचा, मावशींना चालू. मशीनच्या आवाजानं झोप येत नाही म्हणून एकदा चांगलीच जुंपली, आणि सुनेनं दोघींना झापलं, आपल्या आईला जरा जास्तच. ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा विहीणबाई आपल्या पायांनी, कठड्याला धरून, आपला जिना चढल्या. मावशी खाली पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि प्रत्येक पायरीला "सावकाश, सावकाश" ओरडत होत्या. "कळतं मला," वरून उत्तर येत होतं.