दुसरी बाजू संपेपर्यंत

माझ्या मामासारखा काळा रंग कुणाच्या हातून निघत नाही. भाची म्हणून, आपला तो बाब्या म्हणून सांगतेय असं वाटेल, तर खुशाल वाटू द्या. त्याच्या दुकानातून निघालेला कोट एकदा उजेडात धरून बघा, मग माझ्याशी वाद घाला.

मामा कपडे रंगवतो. नवे नव्हे, जुनेच. उन्हानं विटलेला कोट, धुऊन धुऊन राखेच्या रंगाची झालेली पँट, कॉलर तेवढी गडद राहिलेला शर्ट. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक, मागे शेगड्यांवर दोन मोठे हंडे, त्यांच्यावर वाळत घालायच्या दांड्या, आणि लगेच मागे मामीचं स्वयंपाकघर. खोलीत कायम वाफ. मामाचे हात कोपरापर्यंत करडे पडलेत आणि ते कशानंच निघत नाहीत. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यानं ते पाठीमागे लपवलेत. मामी म्हणते, "लोकांना वाटायचं, मला बांधलेला नवरा दिलाय."

लाल, हिरवा, निळा, सगळं तो करतो, पण नाव झालं ते काळ्यावर. काळा सगळ्यांत हट्टी. घाई केली की तो काळा होत नाही, नुसता काळसर होतो. आणि मामाला काळसर या शब्दाचा राग येतो.

मामाच्या तरुणपणी आमच्या भागात काळे कपडे घालणाऱ्या पोरापोरींची एक टोळी झाली होती. भर उन्हात लांब कोट, डोळ्यांत बोटभर काजळ, चेहरे कुणीतरी नुकतंच गेल्यासारखे. लोक त्यांना बघून रस्ता ओलांडायचे. मामा म्हणायचा, अशी गिऱ्हाइकं देव सगळ्यांना देवो. त्यांचा काळा सारखा उतरायचा आणि सारखा चढवावा लागायचा. ही मंडळी ऐकायची ते रॉकही तसंच होतं, अंधारलेलं, रिकाम्या गोदामात वाजवल्यासारखं. त्यातल्या एका बँडचा गायक त्यांचा देव होता. खर्जातला आवाज, आणि गाताना जणू तुमच्याकडे पाठ करून उभा.

या मंडळींना कॅसेटी आणि तबकड्या विकायचा मामाचा जिवलग मित्र. त्याचं दुकान समोरच. बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून त्याला सगळेच मफलर म्हणायचे. मी मफलरकाका म्हणायचे. ते मामाला डांबर म्हणायचे. एकाच डब्यातून जेवायचे दोघं, काकांच्या काउंटरवर. गिऱ्हाइकंही वाटून घेतल्यासारखी होती, कान याच्याकडे आणि अंग त्याच्याकडे.

पुढे तो बँड फुटला आणि गायकानं एकट्यानं एक अल्बम काढला. मफलरकाकांनी तो स्वतः नीट ऐकायच्या आधीच एक कॅसेट भरून मामाला भेट दिली. मामानं ती दुकानातल्या टेपरेकॉर्डरवर लावली तेव्हा हंड्यात कोट होता. पहिली बाजू संपली तेव्हा त्यानं कोट उलटा केला, दुसरी संपली तेव्हा बाहेर काढला. काळा छान बसला होता. त्या दिवसापासून तो अल्बम हेच मामाचं घड्याळ. पहिली बाजू, उलटव. दुसरी बाजू, काढ. वर्षं जात राहिली तसा त्याचा काळा आणखी आणखी गडद होत गेला. लोक म्हणायचे, हात बसला. मामाही तेच म्हणायचा, जरा जास्तच वेळा.

दुकानात आलेल्या माणसाची त्या अल्बममधून सुटका नव्हती. बाकावर बसायचं, ऐकायचं, आणि जाताना मामाचा प्रश्न ठरलेला, "कसा वाटला?" बरा होता म्हणून कुणी सुटू पाहिलं तर मामा कपडा हातातच धरून ठेवायचा. बरा म्हणजे काय, ते सांगूनच जायचं.

त्यामुळे लोक विचार करून बोलायचे. एक नर्सबाई म्हणाली, "हा माझा पेशंट असता तर मी त्याला झोपेची गोळी दिली नसती. हा जागाच बरा." एक बस चालवणारा म्हणाला, "हे गाडी चालवताना ऐकायचं नाही. गाडी बाजूला घेऊन ऐकायचं." त्या काळ्या टोळीतली एक मुलगी पुढे पोस्टात लागली, तिचं मत मामाला सगळ्यांत आवडायचं. ती म्हणाली, "बँडमध्ये होता तेव्हा मागे चौघं होते, म्हणून ओरडायचा. आता एकटा आहे, म्हणून सावकाश बोलतो. जवळ बसलेल्या माणसाशी बोलल्यासारखं." एक विधुर गृहस्थ बायकोचा स्वेटर काळा करून घ्यायला आले होते. दोन्ही बाजू त्यांनी मान खाली घालून ऐकल्या आणि एक शब्द न बोलता गेले. पुढच्याच आठवड्यात एक चांगला पांढराशुभ्र रुमाल घेऊन आले, म्हणाले, हाही काळा करायचाय. मामानं मुकाट्यानं केला. मला मामा आवडतो तो असल्या गोष्टींसाठी.

दुकानाबाहेर मात्र त्या अल्बमला कुणी कुत्रं विचारत नव्हतं. सगळे म्हणायचे, उरकलाय. आणि मफलरकाकांनी तर काही वर्षांनी तो एकदाचा लावून बघितला आणि आपल्या दुकानाच्या काचेवर कार्डच लावलं, 'बँडशिवाय हा माणूस म्हणजे दोरा नसलेली सुई. फार घाई. एक बाजू ऐकली, पुरे.'

मामा ते वाचून तडक आत गेला. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं.

"शितावरून भाताची परीक्षा करतोस? दुसरी बाजू कोण ऐकणार?"

"पहिलीतच कळलं, डांबर. गडी पळत सुटलाय."

"पळत? हा? अरे, याच्याइतका सावकाश माणूस मी पाहिला नाही! कानात बोळे घातलेस का?"

"तुला गाण्यातलं काय कळतं? तू जाऊन हंडे ढवळ."

एवढंच. पण चारचौघांत. मामा आला तो आलाच, पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही. कार्ड पिवळं पडून गळून गेलं, अबोला तसाच राहिला, काळ्या दगडावरची रेघ. डबे वेगळे झाले. समोरासमोरची दुकानं, एकच रस्ता, आणि दोघांचीही नाकं वर. माझं मत विचाराल तर दोघंही गाढव होते, आणि ते मी दोघांनाही सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

या वर्षी मफलरकाकांच्या काचेवर नवा कागद लागला. दुकान बंद होणार. गुडघे थकले होते, लांबच्या शहरातली लेक बोलावत होती, महिनाअखेरीला जायचं ठरलं होतं. मामानं तो कागद इकडूनच वाचला आणि कुणाचा तरी पिवळा शर्ट काळ्या हंड्यात टाकून दिला. अशी चूक त्याच्या हातून होताना मी कधी पाहिली नव्हती.

"मामा, काय झालं?"

"काय व्हायचंय? तो चाललाय." मग काठीनं तो शर्ट ढवळत म्हणाला, "जायच्या आधी एकदा त्यानं या बाकावर बसून दोन्ही बाजू ऐकाव्यात. नाही आवडला तर नाही. पण ऐकून जावं."

"मग जा आणि सांग की त्यांना."

"मी कशाला सांगू? मी हंडे ढवळणारा माणूस."

मामीचं काम एक घाव दोन तुकडे. तिचं म्हणणं, त्या खडखडणाऱ्या डब्यावर गाणं ऐकायला कोण येणार? तिनं रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून एक चांगला टेपरेकॉर्डर आणला, जुना उचलून माळ्यावर टाकला आणि म्हणाली, "आता बोलवा तुमच्या मित्राला." मामानं कॅसेट लावली, तोंड वाकडं केलं. "आवाज पातळ लागतोय याचा." मग स्वतःची समजूत घातली, "नवं मशीन आहे. घसा मोकळा व्हायला वेळ लागेल."

त्याच दिवशी पोस्टातल्या बाईंचा कोट हंड्यात होता. मामानं नेहमीसारखं केलं. पहिली बाजू, उलटला. दुसरी बाजू, काढला. बाई आल्या, कोट दारात उजेडाला धरला आणि संकोचून म्हणाल्या, "काका, हा जरा चॉकलेटी दिसतोय का हो?"

मामाचा चेहरा बघवेना. त्यानं रंगाच्या पावडरीला दोष दिला, रंग धरायला घालतात त्या मिठाला दिला, पाण्याला दिला, मग उगाचच मला दिला. दुसऱ्या दिवशी नवी पावडर आणली, तरी तेच. काळसर. तिसऱ्या दिवशीही काळसर. रात्री तो जेवला नाही म्हणे. "हात गेला माझा," एवढंच म्हणत राहिला. मामीलाही वाईट वाटलं असणार, कारण सकाळी तो हंडा ढवळत असताना ती त्याला हसवायला गेली.

"अहो, एक तरी चांगलं झालं या मशीनचं. तुमचं रडगाणं लवकर आटोपतं."

मामाच्या हातातली काठी तशीच राहिली. "काय म्हणालीस?"

"पूर्वी दुसरी बाजू संपेपर्यंत माझी सगळी भांडी घासून व्हायची. आता निम्मी राहतात."

मामा स्वतः शिडी लावून माळ्यावर चढला. जुना टेपरेकॉर्डर खाली आणून उघडला. आतला रबरी पट्टा जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा लोंबत होता. इतकी वर्षं वाफ खाऊन खाऊन तो सैल होत गेला होता आणि गाणं हळू होत गेलं होतं, इतकं सावकाश की रोज ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. आणि गाणं जसं लांबत गेलं तसा कपडा हंड्यात जास्त वेळ राहिला, आणि काळा गडद होत गेला. हात बसला, हात बसला म्हणत होतो ते हे!

तीच कॅसेट आम्ही आधी एका मशीनवर लावली, मग दुसऱ्यावर. जुन्यावर तो खर्जात, थांबत थांबत, जवळ बसल्यासारखा बोलत होता. नव्यावर तोच माणूस गाडी चुकेल म्हणून निघाल्यासारखा. मामा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. त्या बाकावर त्याला बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"म्हणजे मफलर खरंच सांगत होता," तो म्हणाला. "घाईच आहे याला. आणि मी एका बिघडलेल्या पट्ट्याची बाजू घेऊन जिवाभावाचा माणूस घालवला."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते. मी म्हणाले, "मग ती नर्सबाई खोटी? ते रुमालवाले गृहस्थ खोटे? त्यांनी जे ऐकलं ते ऐकलंच ना?" मामानं अॅप्रन काढला, खुंटीला अडकवला आणि रस्ता ओलांडला. मीही मागे गेले. मी काही सोडणार होते थोडीच.

मफलरकाकांचं दुकान अर्धं रिकामं झालं होतं. ते खोक्यावर बसून सुतळी गुंडाळत होते. मामाला बघून उठायला गेले, गुडघ्यामुळे उठता आलं नाही.

"तुझं बरोबर होतं," मामा दारातूनच म्हणाला. "तुझा अल्बम घाईचाच आहे."

काकांनी सुतळी खाली ठेवली. "माझा म्हणजे? आणि तुझा?"

"माझा वेगळा आहे. ये, ऐकून जा. जाताना तरी."

"नुसतं ऐकायला येऊ? रंगवायला काही नको?" असं म्हणत काकांनी गळ्यातला मफलर काढला. मूळचा काळाच होता तो, आता उंदराच्या रंगाचा झालेला. त्याच्याशिवाय त्यांची मान इतकी बारीक दिसली की मी दुसरीकडे बघितलं.

मफलर हंड्यात गेला. मामानं जुनं मशीन लावलं, पट्ट्याला हात न लावता. पहिली बाजू संपली. मामानं मफलर उलटा केला, कॅसेट उलटी केली. काका डोळे मिटून बसले होते. दुसरी बाजू संपली. मामानं मफलर काढला, धुतला, पिळला. काका तरी उठेनात. आणि मामा, जो कुणाला सोडत नसे, त्याला प्रश्न विचारायचा धीर होईना.

शेवटी मीच विचारलं, "काका, कसा वाटला?"

"हा अल्बम माझ्या दुकानात कधी आलाच नव्हता," ते म्हणाले. मग डोळे पुसत ओरडले, "डांबर, इतकी वर्षं एकटा ऐकत बसलास! हाताला धरून आणायचं होतंस मला!"

"तू हंडे ढवळ म्हणालास."

"म्हणालो. जीभ झडली असती तर बरं झालं असतं." मग लहान मुलासारखं, "मला भरून देशील याची एक कॅसेट?"

"कॅसेट नेऊन काय करशील? तिकडच्या मशीनवर तो पुन्हा पळायला लागेल." मामानं जुन्या टेपरेकॉर्डरची वायर काढली, मशीन फडक्यात गुंडाळलं, वर कॅसेट ठेवली आणि सगळं काकांच्या मांडीवर दिलं. "पट्टा बदलायचा नाही. कुणी दुरुस्त करतो म्हणाला तर त्याला घरात घ्यायचं नाही."

मामीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या बाबतीत हे फार झालं.

"आणि तुझा काळा?" काकांनी विचारलं.

"बघतो."

दुसऱ्या दिवशी काकांनी आपल्या दुकानात न खपता राहिलेली त्या अल्बमची एकुलती एक कॅसेट आणून दिली, आणि आठवडाभरात काळाकुळकुळीत मफलर गळ्यात घालून, मशीन मांडीवर घेऊन ते गेले. मामा रस्त्यावर उभा राहून हात हलवत होता. करडे हात, चांगले उंच करून.

परवा मी दुकानात गेले होते. नर्सबाई बाकावर होती, हंड्यात तिची पँट. नव्या मशीनवर दुसरी बाजू संपली, बटण खट्कन वर आलं. नर्सबाई पर्स घेऊन उठली, "झालं ना?"

मामानं काठी हंड्यातच ठेवली होती. तो मान जरा तिरकी करून उभा होता, कुठेतरी लांब लक्ष असल्यासारखा.

"बसा जरा," तो म्हणाला. "तिकडे अजून चालू आहे."